नवा दिनक्रम काही आठवड्यांतच का कोलमडतो, आणि एकाग्रतेसाठी आधी काय बदलावे?

अर्धविराम यांचा प्रश्न:

नमस्कार. माझे काम बहुतांशी वाचनाचे आणि लेखनाचे आहे. मोठे अहवाल वाचायचे, त्यांतून निष्कर्ष काढायचे आणि ते ठरलेल्या मुदतीत लिहून द्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. काम घरूनच होत असल्यामुळे कोणत्या वेळी काय करायचे हे ठरवण्याची पूर्ण मोकळीक मला आहे, आणि बहुधा ही मोकळीकच माझ्या अडचणीचे मूळ असावी, असे अलीकडे वाटू लागले आहे.

दर काही महिन्यांनी मी मोठ्या उत्साहाने नवा दिनक्रम आखतो. पहाटे पाचला उठणे, व्यायाम, ध्यान, अर्धा तास वाचन, रोजनिशी, त्यानंतर सलग तीन तास काम, संध्याकाळी फिरणे आणि रात्री दहाला झोप, असा तो तक्ता असतो. सुरुवातीचे दिवस उत्तम जातात. मग एखादे तातडीचे काम येते किंवा रात्री जागरण होते, एक दिवस चुकतो, आणि आता साखळी तुटलीच आहे तर पुढच्या महिन्यापासून नीट सुरू करू, अशा विचाराने उरलेलेही सुटते.

दुसरी अडचण एकाग्रतेची आहे. अहवाल उघडून दहा-पंधरा मिनिटे होतात न होतात तोच हात फोनकडे जातो, आणि कोणाचा संदेश आलेला नसतानाही जातो. दिवसाअखेर खूप दमल्यासारखे वाटते, मात्र हाती ठोस काही लागलेले नसते. त्यामुळे संध्याकाळी घरच्यांबरोबर बसलो असतानाही डोक्यात अर्धवट अहवालच घोळत राहतो. विश्रांती घेतली तर अपराधी वाटते आणि कामाला बसलो तर मन लागत नाही, अशी कोंडी झाली आहे.

एकवीस दिवस एखादी गोष्ट केली की तिची सवय लागते, असे सर्वत्र वाचायला मिळते. ते खरे आहे का? पहाटे उठणे खरोखरच आवश्यक आहे का? आणि या सगळ्यातली एकच गोष्ट आधी बदलायची असेल, तर ती कोणती? ॲपची नावे कृपया सुचवू नयेत. ती बरीच वापरून झाली आहेत.

मंदगती यांचे उत्तर:

एकवीस दिवसांचा आकडा आधी निकालात काढू. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली केलेल्या लेखनात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातली ‘किमान’ ही अट गळून पडली आणि आरशातल्या चेहऱ्याविषयीचे एक निरीक्षण व्यायामापासून लेखनापर्यंत सगळ्याला नियम म्हणून लागू झाले.

प्रत्यक्ष मोजमापाचा जो अभ्यास सर्वाधिक सांगितला जातो, तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला. ९६ स्वयंसेवकांनी प्रत्येकी एकच साधी कृती निवडली, ती रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडली आणि ती किती आपोआप घडते याची नोंद बारा आठवडे ठेवली. कृती पुरेशी अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यांक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना याहून जास्त) ६६ दिवस आला, पण व्यक्तिपरत्वे फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. (अभ्यास मुळात बारा आठवड्यांचाच असल्यामुळे यातला वरचा आकडा प्रत्यक्ष पाहिलेला नसून आलेख पुढे वाढवून काढलेला आहे, हे सांगितलेले बरे.) पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर रुळली आणि व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. तुमच्या दृष्टीने त्यातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष मात्र वेगळाच आहे: एखादी संधी हुकल्यामुळे सवय लागण्याच्या प्रक्रियेला म्हणावा असा धक्का बसला नाही. साखळी तुटली म्हणून सर्व सोडून देण्याचे जे कारण तुम्ही स्वतःला देता, त्याला फारसा आधार नाही.

आता तुमच्या तक्त्याकडे पाहू. ठरावीक वेळ, जागा किंवा आधी घडलेली कृती हा संकेत असतो, आणि तो समोर आला की पुढची कृती फारसा विचार न करता घडू लागते, तेव्हा आपण तिला सवय म्हणतो. तुमच्या तक्त्यातली प्रत्येक कृती आधीच्या कृतीवर टेकलेली आहे. व्यायामाचा संकेत म्हणजे पाचला उठणे, ध्यानाचा संकेत म्हणजे व्यायाम संपणे, आणि असेच पुढे. यातली एकही कडी अजून पक्की झालेली नसताना सगळा भार पहिल्या कडीवर पडतो. एका रात्री झोपायला उशीर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या साऱ्याच गोष्टींचे संकेत एकदम नाहीसे होतात. तुमचा निश्चय कच्चा आहे असे यावरून मला वाटत नाही. तक्त्याची बांधणीच अशी आहे की तो कोणाकडूनही मोडेल.

म्हणून नवी कृती अशा गोष्टीला जोडावी, जी तुमच्या वाईटात वाईट दिवशीही घडतेच. दात घासणे, पहिला चहा, जेवण संपवून ताट उचलणे, संगणक सुरू करणे, या त्या गोष्टी. जोडतानाही ‘रोज वाचन वाढवीन’ असे मोघम ठरवू नये. ‘संगणक सुरू केल्यावर ई-मेल उघडण्याआधी मी कालच्या अहवालाचे शेवटचे पान उघडीन’ असे ठरवावे. अशा जर-तर स्वरूपाच्या संकल्पांवर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दीर्घकाळ काम केले आहे. त्यांनी आणि पास्कल शिरन यांनी २००६ साली ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा केवळ ध्येय ठरवण्यापेक्षा ‘केव्हा, कुठे आणि कसे’ हे आधीच ठरवण्याचा परिणाम मध्यम ते मोठ्या प्रमाणातला आढळला. मानसशास्त्रात एवढा परिणाम सहसा हाती लागत नाही.

इच्छाशक्ती दिवसभरात खर्च होत जाते आणि म्हणून अवघड कामे सकाळीच उरकावीत, हेही तुमच्या वाचनात आले असेल. १९९८ पासून ही कल्पना फार लोकप्रिय होती. पण २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर प्रयोग करून ती पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम शून्याच्या जवळपास आला. वाद अजून मिटलेला नाही, तरी एखाद्या दिवसाची सगळी आखणी या एकाच कल्पनेवर करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

निद्रापुराण यांचे उत्तर:

मंदगती यांचे विवेचन पटले, पण क्रम पटला नाही. प्रश्नकर्त्याने स्वतःच लिहिले आहे की जागरण झाले की सगळे सुटते, दहा-पंधरा मिनिटांत लक्ष उडते आणि दिवसाअखेर कारणाशिवाय थकवा येतो. अशा माणसाने संकेत आणि संकल्पांच्या मागे लागण्याआधी आपण खरोखर किती तास झोपतो, हे आठवडाभर लिहून ठेवावे. दहा ते पाच हा हिशेब कागदावर सात तासांचा दिसतो. पण झोप लागायला जाणारा वेळ, रात्रीची मध्येच येणारी जाग आणि अंथरुणात फोन पाहण्यात गेलेला वेळ वजा केला, तर प्रत्यक्षात किती उरते?

याविषयी एक प्रयोग प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. हान्स व्हान डाँगन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. निरोगी प्रौढांच्या गटांना प्रयोगशाळेत सलग १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपेची मुभा देण्यात आली. सहा तासवाल्यांची लक्ष टिकवण्याची क्षमता दिवसेंदिवस घसरत गेली, आणि दोन आठवड्यांच्या शेवटी सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खालावली होती. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की, झोप येते का असे विचारल्यावर त्यांच्या उत्तरांत तेवढा फरक पडत नव्हता. सुरुवातीला थोडी पेंग जाणवली आणि मग आपण सरावलो असे त्यांना वाटू लागले; कामगिरी मात्र घसरतच राहिली. ‘मला सहा तास पुरतात’ असे सांगणाऱ्यांपैकी किती जणांना खरोखर पुरतात आणि किती जणांना केवळ तसे वाटते, हे म्हणूनच त्यांच्या सांगण्यावरून ठरवता येत नाही. प्रौढांनी नियमितपणे सात किंवा त्याहून अधिक तास झोपावे, ही अमेरिकेतल्या निद्रावैद्यांच्या संघटनेची २०१५ सालची शिफारस आहे.

पहाटे उठण्याविषयी विचारले आहे, तर माझ्या मते पाच या आकड्यात काहीही जादू नाही. कोणाला लवकर जाग येते आणि कोणाला रात्री उशिरा हुशारी येते, यात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि वयाचाही. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ पुढे सरकते, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराचे असते, आणि त्यानंतर वयाबरोबर हळूहळू मागे येत जाते. ज्याचे घड्याळ मुळातच उशिराचे आहे, त्याने गजर लावून पाचला उठणे म्हणजे रोज दोन तास झोप सोडून देणे. उठण्याची वेळ कोणतीही असो, ती सुट्टीच्या दिवशीही जवळपास तीच ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे. उठल्यावर लवकरात लवकर बाहेरचा उजेड डोळ्यांवर पडू द्यावा. सकाळचा प्रखर उजेड शरीराचे घड्याळ अलीकडे आणतो, तर रात्री उशिराचा उजेड ते पुढे ढकलतो. झोप लवकर यावी अशी इच्छा असेल, तर प्रयत्न रात्री सुरू करून भागत नाही, तो सकाळीच सुरू करावा लागतो.

चहा-कॉफीबद्दलही थोडे. शरीरातले निम्मे कॅफीन बाहेर पडायला साधारणपणे पाच तास लागतात, आणि काहींना त्याहून बरेच अधिक. २०१३ सालच्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनमुळेही झोप एक तासाहून अधिक घटली होती. ४०० मिलिग्रॅम म्हणजे मोठी मात्रा, हे मान्य. तरीही दुपारनंतरचा शेवटचा पेला हा तुमच्या दिनक्रमातला तपासण्याजोगा भाग आहे.

रात्री तासन्‌तास झोप लागत नसेल आणि हे आठवड्यातून अनेकदा, महिनोन्‌महिने होत असेल, तर हा सवयींच्या चर्चेचा विषय राहत नाही. दीर्घकालीन निद्रानाशावर औषधांच्या आधी संज्ञानात्मक वर्तनोपचार (झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचे उपचार) वापरावेत, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेची २०१६ सालची शिफारस आहे. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे हेही डॉक्टरांना दाखवण्याजोगे लक्षण आहे. सततचा थकवा आणि उडणारे लक्ष यांमागे रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा लहानपणापासून निदान न झालेला अवधानाचा विकार असू शकतो, आणि त्यांतले काहीही दिनक्रमाचा तक्ता लिहून बरे होत नाही.

अर्धविराम:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झोपेची नोंद ठेवायला सुरुवात करतो. अंथरुणात फोन पाहण्याचा उल्लेख अगदी वर्मी लागला.

एक शंका मात्र उरते. फोन पूर्ण बंद ठेवावा असे सुचवले जाईल, पण माझ्या सहकाऱ्यांचे संदेश दिवसभर येत असतात आणि त्यांतले काही खरोखर तातडीचे असतात. फोन दूर ठेवला तर काही महत्त्वाचे राहून तर गेले नसेल ना, या विचाराने लक्ष आणखीच विचलित होते. यातून मार्ग आहे का?

एकमार्गी यांचे उत्तर:

तुमचा अनुभव संशोधनाशी जुळणारा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना फोनवरच्या सूचना नेहमीप्रमाणे येऊ दिल्या, काहींच्या सूचना दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिल्या आणि काहींच्या पूर्णपणे बंद केल्या. तीन वेळा एकगठ्ठा मिळणाऱ्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली, ताण कमी झाला. पूर्णपणे बंद करणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही; उलट त्यांची बेचैनी आणि काहीतरी निसटून जाण्याची भीती वाढली. कोस्टाडिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१५ सालच्या अभ्यासातही दिवसातून तीनच वेळा ई-मेल पाहण्याच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी आढळला होता. तेव्हा पूर्ण संन्यास घेण्याऐवजी ठरलेल्या वेळा नेमाव्यात, त्या सहकाऱ्यांना सांगून ठेवाव्यात आणि खऱ्या तातडीसाठी फक्त दूरध्वनीची घंटा चालू ठेवावी. ज्याचे काम खरोखर तातडीचे असते तो संदेश पाठवून थांबत नाही, थेट फोन करतो.

तरीही माझ्या मते येणारे संदेश हा तुमच्या अडचणीचा लहान भाग आहे. तुम्ही लिहिलेच आहे की संदेश आलेला नसतानाही हात फोनकडे जातो. ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयांतल्या माणसांच्या मागे बसून मिनिटामिनिटाची नोंद केली, तेव्हा जवळजवळ निम्मे व्यत्यय बाहेरून आलेले नव्हते. ते त्या माणसांनी स्वतःच आणलेले होते. मग प्रश्न असा उरतो की हात नेमका कोणत्या क्षणी जातो. एक दिवस कागदावर खुणा करून पाहा. बहुतेकदा तो क्षण म्हणजे पुढचे वाक्य सुचत नाही तो, किंवा अहवालातला अवघड परिच्छेद सुरू होतो तो असतो. दिरंगाईचा अभ्यास करणारे फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल यांची मांडणी अशी की, आपण काम टाळतो तेव्हा मुख्यतः त्या कामाने निर्माण झालेली अप्रिय भावना टाळत असतो. त्या क्षणापुरते बरे वाटते, आणि बिल मात्र पुढच्या दिवसांतल्या आपल्यालाच भरावे लागते. हे ओळखले की उपायही बदलतो. फोन लपवून ठेवण्यापेक्षा त्या अवघड जागेचे तुकडे करणे अधिक कामी येते. ‘निष्कर्षाचे प्रकरण लिहिणे’ असे काम यादीत असेल तर हात फोनकडेच जाणार. ‘तिसऱ्या तक्त्यातली घट कशामुळे, याची दोन संभाव्य कारणे लिहिणे’ असे असेल तर निदान सुरुवात तरी होते.

दुसरी गोष्ट, एका कामावरून दुसऱ्याकडे वळण्याची किंमत. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवले की पहिले काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेल्यावर मनाचा काही भाग पहिल्यातच गुंतून राहतो आणि दुसऱ्या कामाचा दर्जा घसरतो. पुढे, २०१८ च्या अभ्यासात, त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी यावर उपायही तपासला आणि तो अगदी साधा आहे. मध्येच उठावे लागले तर मिनिटभर थांबून ‘मी इथवर आलो आहे आणि परतल्यावर पहिली गोष्ट ही करायची आहे’ एवढे लिहून ठेवावे. असे लिहून ठेवणाऱ्यांचे मन मागच्या कामात कमी अडकले आणि पुढच्या कामातले त्यांचे निर्णय सरस ठरले. या एका सवयीचा खर्च जवळजवळ शून्य आहे, म्हणून तुम्ही एकच बदल विचारला होता त्याला माझे उत्तर हेच राहील.

सलग तीन तासांबद्दल मला शंका आहे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली व्हायोलिनच्या उत्तम विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकट्याने केलेला अतिशय एकाग्र सराव दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास होता आणि तोही विश्रांती घेत, तुकड्यांत. शिवाय ती मुले दुपारी डुलकीही घेत. आयुष्यभर ज्यांनी हेच केले त्यांची मजल तेवढी असेल, तर पंधरा मिनिटांवर लक्ष उडणाऱ्याने एकदम तीन तासांचे लक्ष्य ठेवू नये. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत सुरुवातीला चांगली आहे. मात्र पंचवीस हा आकडा कोणत्याही नियमातून आलेला नाही. लेखनात रंग चढला असताना घंटा वाजली म्हणून उठण्याची गरज नाही. पाच मिनिटांच्या विश्रांतीत फोन हाती घेतला तर ती विश्रांती राहत नाही, एवढे मात्र पाळावे. उठून चालावे, खिडकीबाहेर पाहावे, पाणी प्यावे.

घरभर यांचे उत्तर:

वरची सर्व चर्चा वाचून एक गोष्ट नमूद करावीशी वाटली. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, त्यांना पंचवीस मिनिटांचा तुकडाही हमखास मिळत नाही, आणि झोपेचे तास तर दुसऱ्याच कोणाच्या हाती असतात. सवयींवरचे बरेचसे लेखन असे गृहीत धरते की वाचकाचा वेळ वाचकाच्याच मालकीचा आहे. प्रश्नकर्त्याकडे ती मोकळीक आहे. अनेकांकडे नाही, आणि त्यांनी अशा सल्ल्यांशी स्वतःची तुलना करून खंतावू नये.

अशा घरात घड्याळाच्या वेळा निरुपयोगी ठरतात, पण प्रसंगांना जोडलेल्या सवयी चालतात. मूल झोपले की पहिली दहा मिनिटे भांड्यांची नव्हेत, आपली. किंवा औषधे दिली की दारापर्यंत जाऊन पाच मिनिटे चालणे. एकमार्गी यांनी सांगितलेली ‘कुठवर आलो’ ही नोंद आम्हा लोकांना तर सर्वाधिक उपयोगी, कारण आमचे प्रत्येकच काम मध्येच तुटते. व्यायामाबद्दलही हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम शारीरिक हालचालीची शिफारस केली, तेव्हा एका वेळी निदान दहा मिनिटे तरी हवीत ही जुनी अट काढून टाकली. लहान लहान तुकडेही मोजले जातात.

संथलेखक यांचे उत्तर:

संध्याकाळी डोक्यात अहवाल घोळत राहण्याविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

अपुरे काम मनात रेंगाळते, हे निरीक्षण जुने आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली त्यात एक महत्त्वाची भर घातली: रेंगाळणे थांबण्यासाठी काम पूर्णच व्हावे लागते असे नाही, ते केव्हा आणि कसे पुढे न्यायचे याची नेमकी योजना झाली तरी मन बरेचसे सुटते. म्हणून कामाचा दिवस संपवताना दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि उद्याची कामे तपशिलाने लिहावीत. मायकेल स्कलिन यांच्या २०१८ सालच्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर आली. प्रयोग लहान होता, ५७ तरुणांचा; तरी करून पाहायला काहीच हरकत नाही.

यादी लिहिताना मात्र कामाला लागणारा वेळ आपण नेहमीच कमी धरतो, हे लक्षात असावे. १९९४ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. सगळे काही बिघडले तर किती लागतील, असे विचारल्यावर त्यांनी दिलेला अंदाजही अपुराच ठरला. दिवसाअखेर ‘हाती काही लागले नाही’ असे तुम्हाला वाटते, त्यामागे कमी काम होण्यापेक्षा अवास्तव यादी हे कारण असण्याची शक्यता मला अधिक वाटते. मागच्या अहवालाला खरोखर किती तास लागले होते ते पाहून पुढच्याचा अंदाज बांधा, मनातल्या चित्रावरून बांधू नका.

अपराधी वाटण्याबद्दल सांगायचे, तर त्या भावनेने काम सुधारत असते तर आपण सगळेच एव्हाना निष्णात झालो असतो. परीक्षेच्या अभ्यासात टाळाटाळ केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली, असे २०१० सालच्या एका अभ्यासात दिसले. आणि संध्याकाळी कामापासून मन पूर्णपणे बाजूला काढणे हा कामचुकारपणा ठरत नाही. साबिने झोनेनटाग या जर्मन संशोधिकेने दोन दशकांहून अधिक काळ याच विषयावर काम केले आहे, आणि फावल्या वेळात ज्यांचे मन कामापासून सुटते त्यांना थकवा कमी जाणवतो, हे अशा अभ्यासांत वारंवार दिसते.

अर्धविराम:

सर्वांचे आभार. पहाटे पाचचा हट्ट सोडतो आणि साडेसहा ही उठण्याची वेळ सातही दिवस ठेवतो. फोन रात्री दुसऱ्या खोलीत राहील, काम संपवताना उद्याची यादी होईल, आणि उठताना ‘कुठवर आलो’ याची नोंद. व्यायाम आणि ध्यान सध्या तक्त्यातून काढतो, फिरणे तेवढे दुपारच्या जेवणाला जोडतो. शेवटचा प्रश्न: भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज फुली मारून साखळी वाढवत नेण्याची पद्धत ठेवावी का?

मंदगती:

तुम्ही एकदम चार-पाच गोष्टी हाती घेतल्या आहेत, त्यांतल्या दोनच आधी घ्याव्यात असे मी म्हणेन. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे आणि उठण्याची वेळ पाळणे या दोन्ही एकमेकींना मदत करतात, म्हणून त्या आधी. दोन्ही विनासायास होऊ लागल्या की मग याद्या.

दिनदर्शिका जरूर ठेवा, पण सलग किती दिवस झाले हे मोजू नका, महिन्यात एकूण किती झाले ते मोजा. सलग मोजणीत एक खाडा पडला की आकडा शून्यावर येतो आणि तुमच्या मनाला सोडून देण्याचे निमित्त मिळते. एकूण मोजणीत चोविसाचे पंचवीस होणे दुसऱ्या दिवशीही शक्य असते. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवसाच्या चौकटीत रिकामी जागा न सोडता का चुकले ते दोन शब्दांत लिहा: ‘पाहुणे’, ‘मुदत’, ‘ताप’. महिन्याअखेर एकच शब्द चार वेळा दिसला, तर त्या प्रसंगासाठी वेगळा संकेत ठरवावा लागेल.

निद्रापुराण:

गजराचे साधे घड्याळ तेवढे आणा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा म्हटले की ‘गजर कसा लावायचा’ या कारणाने तो बहुतेकांच्या उशाशी परत येतो.